घरी बांधलेल्या लहान शिडाच्या नौकेचे वजन आणि ट्रेलरवरील भाराची मांडणी

शिडाच्या लहान नौकेचा विचार करू लागलो म्हणजे आपले लक्ष साहजिकच वारा आणि पाणी यांकडे वळते. परंतु जी नौका घराच्या आवारात बांधली जाते आणि जलाशयापर्यंत मोटारीच्या मागे ओढून न्यावी लागते, तिच्या प्रवासाचा बराच मोठा भाग रस्त्यावर घडतो. असे असूनही हौशी नौकाबांधणीच्या चर्चेत या प्रवासाचा विचार बहुधा शेवटी, नौका रंगवून तयार झाल्यावर, सुरू होतो. तोपर्यंत वजनाचे बहुतेक निर्णय होऊन गेलेले असतात.

नौकेच्या वजनासंबंधी दोन प्रश्न संभवतात. पहिला प्रश्न वजन किती हा, व दुसरा ते कोठे आहे हा. पाण्यावर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चुकले तरी ते बहुधा सुधारता येते; रस्त्यावर मात्र तीच चूक प्राणावर बेतू शकते. हा भेद नेमका कशामुळे उत्पन्न होतो आणि त्याचा हिशेब बांधणाऱ्याने कसा करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. त्यासाठी स्थितिशास्त्रातील परिबलांचा नियम आणि अवमंदित दोलनांचे प्राथमिक समीकरण, एवढी सामग्री पुरेशी आहे.

पार्श्वभूमी

घरगुती नौकाबांधणीचा व मोटारीने नौका ओढून नेण्याचा प्रघात ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर झपाट्याने वाढला. जलरोधक सरसाने चिकटविलेले प्लायवुड उपलब्ध झाले होते आणि मध्यमवर्गीय कुटुंबांत मोटार येऊ लागली होती. १९५६ साली जॅक होल्ट यांनी आखलेली एंटरप्राइज ही नौका ‘न्यूज क्रॉनिकल’ या वृत्तपत्राच्या पुरस्काराने लोकांपुढे आली. १९५७ साली इअन प्रॉक्टर यांची वेफेअरर आली. पुढे होल्ट व दूरचित्रवाणीवर घरगुती सुतारकामाचे कार्यक्रम करणारे बॅरी बकनेल यांनी मिळून मिरर ही नौका सिद्ध केली. ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राच्या आश्रयाने १९६३ साली ती लंडनच्या नौकाप्रदर्शनात मांडण्यात आली. प्लायवुडचे कापलेले तक्ते तांब्याच्या तारेने शिवावयाचे आणि सांध्यांवर काचतंतूंची पट्टी राळेने बसवावयाची, ही तिची रीत. या रीतीमुळे सुतारकामात प्रावीण्य नसलेल्या माणसासही नौका बांधणे शक्य झाले. अशा सत्तर हजारांहून अधिक नौका आजवर तयार झाल्या आहेत.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मिररची दोन वैशिष्ट्ये लक्षणीय आहेत. ३.३ मीटर लांबीच्या या नौकेच्या नुसत्या सांगाड्याचे वजन ४५.५ किलोग्रॅम, म्हणजे दोन माणसांनी उचलून मोटारीच्या टपावर ठेवता येईल इतके आहे. शिवाय मूळ आराखड्यात तिची डोलकाठी गंटर पद्धतीची, अर्थात दोन भागांची असल्याने सर्व दांडे नौकेच्या लांबीत मावतात. आराखडा काढतानाच आखणीकाराने रस्त्याचा विचार केला होता, हे यावरून उघड होते. उलट ४.८२ मीटर लांबीच्या वेफेअररच्या सांगाड्याचे किमान वजन सुमारे १६९ किलोग्रॅम आहे. ती टपावर चढविता येत नाही. तिला ट्रेलर आवश्यकच ठरतो. पुढील हिशेबासाठी आपण वेफेअररच्या आकाराची, घरी बांधलेली एक नौका कल्पू.

वजनाचा उगम

घरी बांधलेली नौका आराखड्यातील वजनापेक्षा जड होते, असा सार्वत्रिक अनुभव आहे. याचे कारण एखादी मोठी चूक नसून अनेक लहान निर्णयांची बेरीज हे असते.

प्रथम प्लायवुड घेऊ. २.४४ मीटर लांब, १.२२ मीटर रुंद व ६ मिलिमीटर जाड तक्त्याचे घनफळ ०.०१७९ घनमीटर भरते. ओकूमे या हलक्या आफ्रिकी लाकडाच्या प्लायवुडची घनता दर घनमीटरास सुमारे ४५० किलोग्रॅम धरल्यास एका तक्त्याचे वजन ८ किलोग्रॅम होते. ६५० किलोग्रॅम घनतेचे जड लाकूड वापरल्यास तोच तक्ता ११.६ किलोग्रॅमचा होतो. बारा तक्ते लागणाऱ्या नौकेत या एकाच निवडीने सुमारे ४३ किलोग्रॅमचा फरक पडतो. भारतात आयएस ७१० या मानकाचे सागरी प्लायवुड प्रायः जड लाकडाचे असते. म्हणून परदेशी आराखड्यावरून येथे नौका बांधू पाहणाऱ्याने आराखड्यातील वजन जसेच्या तसे गृहीत धरू नये. एक तक्ता प्रत्यक्ष तोलून मगच हिशेबास आरंभ करावा.

दुसरा उगम राळेचा. आतून-बाहेरून मिळून २० चौरस मीटर पृष्ठभागावर एपॉक्सी राळेचे ०.१ मिलिमीटर जाडीचे तीन हात दिल्यास ६ लिटर, म्हणजे साडेसहा किलोग्रॅमच्या आसपास राळ लागते. दर चौरस मीटरास २०० ग्रॅम वजनाचे काचकापड १० चौरस मीटरांवर चढविले, तर कापडाचे २ किलोग्रॅम, त्यात मुरणाऱ्या राळेचे जवळपास तितकेच आणि विणीचे खळगे बुजविणाऱ्या हाताचे आणखी दोन-तीन किलोग्रॅम वाढतात. अधिक राळ म्हणजे अधिक बळकटी, हा समज निराधार आहे. कापड भिजण्यास पुरेशी झाल्यावर उरलेली राळ बळकटीत फारशी भर घालीत नाही, वजनात मात्र निश्चित घालते. ती निपटून काढणे हे बांधणाऱ्याच्या हातातील सर्वांत स्वस्त वजननियंत्रण होय.

तिसरा उगम पाण्याचा. कोरड्या लाकडाचे वजन १०० किलोग्रॅम असेल आणि त्याची आर्द्रता १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेली, तर नौका ६ किलोग्रॅमने जड होते. तळात साचलेले पाणी याहून फसवे असते. दोन चौरस मीटर तळावर एक सेंटीमीटर उंचीचे पावसाचे पाणी उभे राहिले की २० किलोग्रॅमची भर पडते, आणि हे पाणी उताराच्या दिशेने सरकतही राहते.

पाण्यावरील परिणाम

वाढलेल्या वजनाने नौका किती खाली बसते, हे जलरेषेवरील आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावरून काढता येते. आपल्या नौकेसाठी हे क्षेत्रफळ सुमारे ४ चौरस मीटर धरले, तर एक सेंटीमीटर खाली बसण्यास गोड्या पाण्यात सुमारे ४० किलोग्रॅम वजन लागेल. जड प्लायवुडामुळे वाढलेले ४३ किलोग्रॅम नौकेस जेमतेम एक सेंटीमीटर दाबतात. वेग थोडा कमी होईल, हलक्या वाऱ्यात नौका सुस्त वाटेल, किनाऱ्यावर ओढून घेताना कष्ट पडतील. तथापि केवळ एवढ्यामुळे ती असुरक्षित होणार नाही.

वजनाच्या जागेविषयीही पाणी असेच उदार असते. समजा, ३५ किलोग्रॅमचे सामान पुढील भागातून पिछाडीकडे १.६ मीटर सरकविले. परिबलातील फरक ५६ किलोग्रॅम-मीटर झाला. या आकाराच्या नौकेचा कल एक सेंटीमीटर बदलण्यास, ठोकळ हिशेबाने, १२ किलोग्रॅम-मीटर परिबल लागते. म्हणजे नाळ व पिछाडी यांच्या बुडीतील फरक चार-पाच सेंटीमीटर होईल. हा फरक डोळ्यांना दिसतो, व दिसताच सुधारताही येतो. ७० किलोग्रॅम वजनाचा खलाशी ८० सेंटीमीटर पुढे सरकून बसला की बरोबर ५६ किलोग्रॅम-मीटर भरून निघतात. कोकणच्या किनाऱ्यावर गलबताच्या तळाशी स्थैर्यासाठी जे वजन भरतात त्यास नीरम म्हणतात. लहान नौकेत माणसे हेच नीरम असते, आणि ते वाऱ्याबरोबर क्षणोक्षणी जागा बदलते.

रस्त्यावर हे जिवंत नीरम मोटारीत बसलेले असते. नौकेतील प्रत्येक वस्तू निघताना जेथे बांधली तेथेच राहते, आणि तिचा परिणाम चालकास आरशात दिसेपर्यंत सुधारणेची वेळ बहुधा टळून गेलेली असते. पाण्यावरची सवय रस्त्यावर उपयोगी पडत नाही, याचे मूळ येथे आहे.

रस्त्यावरील मर्यादा

ब्रिटनमधील नियमांप्रमाणे स्वतःचा ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे भारासहित वजन ७५० किलोग्रॅम, किंवा ओढणाऱ्या मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या निम्मे, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त असता कामा नये. मोटारीच्या उत्पादकाने याहून कमी मर्यादा सांगितली असल्यास ती पाळावी लागते. ट्रेलरचा सांगाडा, आस व टायर यांच्या मर्यादा निराळ्याच. वेगाची कमाल मर्यादा साध्या दुपदरी रस्त्यावर ताशी ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटर, व दुभाजक असलेल्या रस्त्यावर आणि मोटारमार्गावर ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर आहे. १ जानेवारी १९९७ पासून मोटार चालविण्याचा परवाना मिळविणाऱ्यांना जड ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागत असे. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट रद्द झाली व साध्या परवान्यावर ३,५०० किलोग्रॅमपर्यंतचा ट्रेलर ओढण्याची मुभा मिळाली. परीक्षा गेल्यामुळे भाराच्या मांडणीचे ज्ञान असण्याची जबाबदारी आता सर्वस्वी चालकावर आली आहे.

या मर्यादांशी आपल्या नौकेचा मेळ घालून पाहू. मोटारीचे रिकामे वजन १,००० किलोग्रॅम असेल तर ट्रेलरची मर्यादा ५०० किलोग्रॅम ठरते. पुढील कोष्टकात दिल्याप्रमाणे सामानासह नौका ३०७ किलोग्रॅम व ट्रेलर १३० किलोग्रॅम, मिळून ४३७ किलोग्रॅम होतात. शिल्लक ६३ किलोग्रॅम राहते. जड प्लायवुडाचे ४३ आणि तळातील पावसाच्या पाण्याचे २० किलोग्रॅम मिळविले की ही शिल्लक तंतोतंत संपते. पाण्यावर जी वाढ दीड सेंटीमीटरची होती, ती रस्त्यावर नौकेस कायद्याच्या काठावर नेऊन ठेवते.

परिबलांचे कोष्टक

एकूण वजनाइतकाच महत्त्वाचा आकडा म्हणजे हिचच्या गोळ्यावर पडणारा उभा भार. ब्रिटनमध्ये तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा असा संकेत आहे. अमेरिकेत सामान्यतः १० ते १५ टक्के सांगतात. तो फार कमी झाला तर ट्रेलर मागे डोलू लागतो. फार वाढला तर मोटारीची पिछाडी दबून पुढील चाकांवरील भार घटतो व सुकाणू आणि ब्रेक दोन्ही दुबळे होतात.

हा भार काढण्यासाठी प्रत्येक वस्तूचे वजन व ट्रेलरच्या आसापासून तिच्या गुरुत्वमध्याचे अंतर हवे. आसाच्या पुढील अंतर धन व मागील ऋण मानू. हिचचा गोळा आसाच्या ३.२ मीटर पुढे आहे असे समजू. नौकेच्या निष्काळजी मांडणीचे कोष्टक येणेप्रमाणे होईल. वजने किलोग्रॅममध्ये, अंतरे मीटरमध्ये व परिबले किलोग्रॅम-मीटरमध्ये आहेत.

नौकेचा सांगाडा: वजन १७०, अंतर +०.१०, परिबल +१७.०
डोलकाठी, आडवा दांडा व दोर: २२, +०.३०, +६.६
शिडे: ८, +०.५०, +४.०
सुकाणू: ७, −१.८०, −१२.६
नांगर, साखळी व दोर: १४, +१.५०, +२१.०
लहान इंजिन, पिछाडीवर टांगलेले: १८, −२.२०, −३९.६
इंधन: ५, −१.८०, −९.०
पिण्याचे पाणी: २०, +०.२०, +४.०
तंबू व मुक्कामाचे सामान: ३५, −१.२०, −४२.०
नौकेवरील आच्छादन: ८, +०.१०, +०.८
ट्रेलर: १३०, +०.५०, +६५.०
एकूण: वजन ४३७, परिबल +१५.२

एकूण परिबलास ३.२ ने भागले असता हिचवरील भार ४.७५ किलोग्रॅम, म्हणजे एकूण वजनाच्या १.१ टक्के येतो. हा ट्रेलर तराजूवर निर्दोष आहे. कोणत्याही वजनमर्यादेचा त्याने भंग केलेला नाही. तरीही तो रस्त्यावर नेण्यास अयोग्य आहे.

आता तंबू व मुक्कामाचे सामान पिछाडीतून काढून आसाच्या ०.४० मीटर पुढे ठेवू. त्याचे परिबल −४२.० ऐवजी +१४.० होते, एकूण परिबल ७१.२ व हिचवरील भार २२.२५ किलोग्रॅम, म्हणजे ५.१ टक्के होतो. एक किलोग्रॅमही वजन न घटविता धोकादायक मांडणी स्वीकार्य मर्यादेच्या काठावर आली. ज्या ५६ किलोग्रॅम-मीटरांनी पाण्यावर नौका चार-पाच सेंटीमीटर कलली असती, त्यांनीच येथे हा फरक घडविला.

तिसऱ्या मांडणीत इंजिन पिछाडीवरून उतरवून तळावर आसाच्या ०.३० मीटर मागे आडवे बांधू, आणि नांगर नाळेतून काढून आसाच्या ०.६० मीटर पुढे आणू. एकूण परिबल ९२.८ होते, हिचवरील भार २९ किलोग्रॅम, म्हणजे ६.६ टक्के. हा आकडा संकेताच्या आत समाधानकारकपणे बसतो. याउपर सूक्ष्म फेरफार करावयाचा असल्यास ट्रेलरवरील नाळेचा आधार पुढेमागे सरकवावा. भरलेली नौका १० सेंटीमीटर पुढे घेतल्यास परिबल ३०.७ ने व हिचवरील भार साडेनऊ किलोग्रॅमहून थोडा अधिक वाढतो.

ट्रेलरचे दोलन

हिचवरील भार योग्य असला म्हणजे सर्व झाले असे नाही. नाळेत २० किलोग्रॅम व पिछाडीत २० किलोग्रॅम, दोन्ही आसापासून २ मीटरांवर ठेवले, तर त्यांची परिबले परस्परांस छेदतात व हिचवरील भार तिळमात्र बदलत नाही. परंतु उभ्या अक्षाभोवती ट्रेलरचे निरूढी परिबल त्यामुळे १६० किलोग्रॅम-चौरस मीटरने वाढते. हिचखाली ठेवलेल्या काट्यास हा दोष दिसू शकत नाही.

त्याचे महत्त्व समजण्यासाठी सर्वांत साधे प्रतिरूप घेऊ. हिच स्थिर आहे व ट्रेलर तिच्याभोवती डावी-उजवीकडे डोलू शकतो, असे समजू. ट्रेलर लहान कोनातून वळला की टायर तिरपे होऊन पार्श्वबल निर्माण करतात व त्यास परत सरळ रेषेत आणतात. हे पुनःस्थापक बल वेगावर अवलंबून नसते. अवमंदक बलाची गोष्ट निराळी. ते टायरच्या बाजूकडील गतीमुळे उत्पन्न होते. परंतु त्या गतीने टायरास मिळणारा तिरपा कोन म्हणजे बाजूकडील वेग भागिले पुढील वेग. म्हणून पुढील वेग वाढला की तेवढ्याच डुलण्यास मिळणारा विरोध त्याच प्रमाणात घटतो. हिचपासून आसापर्यंतचे अंतर ‘ल’, पुढील वेग ‘व’, टायरांची पार्श्वदृढता ‘क’ व हिचभोवतीचे निरूढी परिबल ‘नि’ मानल्यास

अवमंदन गुणोत्तर = (ल ÷ २व) × √(क ल ÷ नि)

असे सूत्र मिळते. त्यावरून तीन निष्कर्ष निघतात. वेग दुप्पट झाला तर अवमंदन निम्मे होते. निरूढी परिबल वाढले तर अवमंदन त्याच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. आणि लांब दांडीचा ट्रेलर, इतर गोष्टी समान असता, अधिक शांत असतो.

आपल्या कोष्टकातील वस्तूंना हे लावून पाहू. हिचपासून मोजल्यास पिछाडीवरील इंजिन ५.४ मीटरांवर आहे. १८ किलोग्रॅमच्या या वस्तूचा निरूढी परिबलातील वाटा ५२५ किलोग्रॅम-चौरस मीटर होतो. तळावर, आसाजवळ आणल्यावर तो २२१ उरतो. मुक्कामाच्या सामानाचा वाटा ६७८ वरून २७४ वर येतो. नांगर मागे सरकल्यामुळे त्याचा वाटा ४० वरून ९५ होतो. निव्वळ घट ६५० च्या आसपास आहे. संपूर्ण भरलेल्या ट्रेलरचे निरूढी परिबल पहिल्या मांडणीत सुमारे ५,२०० येते, म्हणजे घट आठव्या हिश्शाएवढी झाली. अवमंदन त्यामुळे सुमारे ७ टक्क्यांनी सुधारते. याच सूत्राने, वेग ताशी १०० किलोमीटरांवरून ८० वर आणल्यास अवमंदन २५ टक्क्यांनी सुधारते. चालकाच्या हातातील सर्वांत प्रभावी साधन कोणते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

या प्रतिरूपाची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. त्यात हिच अचल मानली असल्यामुळे दोलन मंद विझते किंवा त्वरित विझते, एवढेच दिसते. ते स्वतःहून वाढत जाताना दिसत नाही. प्रत्यक्षात हिच मोटारीच्या मागील आसाच्याही मागे असते. ट्रेलर डोलला की तो मोटारीची पिछाडी बाजूस ढकलतो व मोटार उलट ट्रेलरला ढकलते. दोघांच्या या देवाणघेवाणीत एका विशिष्ट वेगापलीकडे एकूण अवमंदन ऋण होते, आणि मग वाऱ्याचा झोत किंवा शेजारून गेलेली मालमोटार एवढे निमित्तही दोलन वाढत जाण्यास पुरते. भाराचा गुरुत्वमध्य मागे गेला की हा निर्णायक वेग खाली येतो. ब्रिटनमधील बाथ विद्यापीठात डार्लिंग, टिली व गाओ यांनी मोटार व ट्रेलर यांवर केलेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतही ट्रेलरचे निरूढी परिबल, हिचवरील भार व आसाचे स्थान या गोष्टी वेगवान स्थैर्यावर प्रभाव गाजविणाऱ्या आढळल्या.

दोलन सुरू झालेच, तर चालकाने सुकाणू सरळ धरून इंधनाचा पुरवठा कमी करावा व वेग आपोआप उतरू द्यावा. वेग वाढवून ट्रेलर ओढून सरळ करण्याचा प्रयत्न किंवा जोरात ब्रेक लावणे, दोन्ही घातक ठरतात. ट्रेलर आडवा होऊन मोटारीस उलटवितो तेव्हा मोटारीतील माणसांबरोबर समोरून येणाऱ्यांचेही प्राण संकटात येतात.

मापनाच्या पद्धती

वरील हिशेब कितीही काळजीपूर्वक केला तरी शेवटी मापन हवेच. सुदैवाने त्यास मोठी साधने लागत नाहीत. हिचवरील भार मोजण्यासाठी घरातील माणसे तोलण्याचा काटा पुरतो. ट्रेलर सपाट जागी उभा करून चाकांस अडसर लावावेत, आणि काट्यावर असा लाकडी खांब उभा करावा की त्यावर टेकलेली दांडी मोटारीस जोडलेली असताना ज्या उंचीवर असते त्याच उंचीवर राहील. उंची बदलली की गुरुत्वमध्याचे आसापासूनचे आडवे अंतर बदलते व माप चुकते.

चाकांवरील भार मोजताना अडचण येते. आपल्या उदाहरणात प्रत्येक चाकावर दोनशेहून अधिक किलोग्रॅम येतात, व घरगुती काट्याची क्षमता बहुधा त्याहून कमी असते. अशा वेळी भक्कम तुळईचे एक टोक काट्यावर व दुसरे तितक्याच उंचीच्या ठोकळ्यावर ठेवावे. चाक ठोकळ्यापासून तुळईच्या एकतृतीयांश अंतरावर उभे केले म्हणजे काट्यावर भाराचा तिसरा हिस्सा येतो. तुळईचे अर्धे वजन वजा करून उरलेल्या आकड्यास तिनाने गुणावे. दुसरे चाकही तेवढ्याच उंचीवर उचलून ठेवावे. दोन्ही चाके व हिच यांच्या भारांची बेरीज म्हणजे एकूण वजन. डाव्या व उजव्या चाकांत लक्षणीय फरक आढळल्यास नौका ट्रेलरवर तिरपी बसली आहे, किंवा सामान एका अंगास झाले आहे, असे समजावे.

मालमोटारींच्या सार्वजनिक वजनकाट्यावर एकूण वजन मिळते. परंतु त्याची मापे पुष्कळदा २० किलोग्रॅमच्या टप्प्यांची असतात. ज्या हिशेबात २०–३० किलोग्रॅमच्या हिचभारावर निर्णय व्हावयाचा आहे, तेथे असा काटा फक्त एकूण मर्यादा पडताळण्यास उपयोगी पडतो.

बांधणी सुरू असताना प्रत्येक तक्ता, राळेचा प्रत्येक डबा व प्रत्येक धातूचा भाग बसविण्यापूर्वी तोलून वहीत नोंदवावा, आणि कापून टाकलेले तुकडे व सांडलेली राळ वजा टाकावी. अशी वही ठेवणाऱ्यास नौका अर्धी बांधून झाली असतानाच ती किती जड होणार हे कळते, आणि सुधारणेस तेव्हा अवसर असतो.

इतर दक्षता

भाराची मांडणी योग्य झाली तरी तो ज्या आधारांवर टेकतो त्यांचा विचार उरतो. ६ मिलिमीटर प्लायवुडचा तळ पाण्याचा पसरलेला दाब सहज सोसतो. परंतु एखाद्या रोलरवर एकवटलेला भार व खड्ड्यांचे धक्के त्यास सोसत नाहीत. म्हणून नौकेचा मुख्य भार पठाणावर, म्हणजे तळाच्या मध्यवर्ती कण्यावर घ्यावा, आणि बाजूचे आधार आतील आडव्या पडद्यांच्या नेमके खाली असावेत. पट्टेही याच बळकट जागांवरून खाली व पुढे ओढून बांधावेत. ब्रेक लागताच नौका पुढे सरकू पाहते, हे विसरू नये.

रस्त्यावर असताना तळातील बूच उघडे ठेवावे, म्हणजे पावसाचे पाणी साचून मांडणी बिघडविणार नाही. डोलकाठीचे टोक मागे एक मीटरहून अधिक बाहेर येत असेल तर ते इतरांस स्पष्ट दिसेल अशी खूण ब्रिटनमध्ये नियमाने आवश्यक आहे. किनाऱ्यावर पोहोचताच ट्रेलर तडक पाण्यात लोटू नये. धावून तापलेला चाकाचा तुंबा थंड पाण्यात बुडाला की आतील हवा आकुंचन पावते व पाणी आत ओढले जाते. खारे पाणी असल्यास बेअरिंग लवकरच गंजते. तुंबा हातास थंड लागेपर्यंत थांबावे. मधल्या वेळात शिडे चढविण्याची तयारी करता येते.

समारोप

पाणी भाराचा आधार नौकेच्या संपूर्ण तळावर पसरून देते व नौकेतील माणसे आपल्या हालचालीने चुकीची भरपाई करतात. ट्रेलर तोच भार दोन चाके व एक हिच अशा तीन बिंदूंवर घेतो, आणि तेथे भरपाई करणारे कोणी नसते. म्हणून पाण्यावर चाललेली मांडणी रस्त्यावर चालेल असे अनुमान काढता येत नाही. आपल्या उदाहरणात ४३७ किलोग्रॅमपैकी अवघ्या ६७ किलोग्रॅमची जागा बदलून हिचवरील भार १.१ टक्क्यांवरून ६.६ टक्क्यांवर आला, व निरूढी परिबल आठव्या हिश्शाने घटले. यास नवे साहित्य किंवा खर्च लागला नाही. एक वही, एक मोजपट्टी आणि घरगुती काटा एवढ्यावर काम झाले. वजन किती होणार याचा निर्णय बांधणीच्या छपरात, लाकूड व राळ निवडताना होतो. ते कोठे असावे याचा निर्णय मात्र प्रत्येक प्रवासाच्या आरंभी नव्याने करावा लागतो, आणि तो हिच जोडण्यापूर्वीच केलेला बरा.